मरीन ड्राइव्हवर सायकल: फुटपाथ नको, रस्ता द्या

मुंबईत समुद्राकाठच्या फुटपाथवर सायकल चालवू द्यावी का, हा वाद दर काही वर्षांनी नव्याने पेटतो. त्यात दोन्ही बाजूंची माणसं खरं तेच बोलत असतात. रोज सकाळी चालायला येणाऱ्या सत्तरीतल्या आजींना घंटी न वाजवता मागून सूं करून जाणारी सायकल म्हणजे कंबर मोडायची धास्ती. पहाटे अंधारात दादरहून निघालेल्या सायकलस्वाराला शेजारच्या मोकळ्या रस्त्यावरून सुसाट जाणाऱ्या गाड्या म्हणजे जिवाचीच धास्ती. दोघांची जागा हिरावली ती गाड्यांनी, पण भांडतात ते एकमेकांशी.

हे प्रकरण मरीन ड्राइव्हचं आहे. तुलनेला किनारी रस्त्यालगतचं (कोस्टल रोड) नवं विहार क्षेत्र, म्हणजे समुद्राकाठी चालण्या-फिरण्याची जागा, घेतलं आहे, कारण एकाच शहरात, एकाच समुद्राकाठी असूनही या दोन जागांना एकच नियम लावता येत नाही. मरीन ड्राइव्हच्या फुटपाथवर मोठ्या माणसांना सायकल चालवू देऊ नये आणि विहार क्षेत्रात ती अडवू नये, असं माझं मत आहे. ते कसं झालं ते पुढे येतंच.

जागा

मरीन ड्राइव्ह म्हणजे कागदोपत्री नेताजी सुभाषचंद्र बोस मार्ग. नरिमन पॉइंटपासून गिरगाव चौपाटीच्या पुढे मलबार हिलच्या पायथ्यापर्यंत गेलेला साधारण साडेतीन किलोमीटरचा वळसा. उत्तरेकडचा तुकडा, केनेडी सी-फेस, १९१५ ते १९२० या काळात बांधला गेला. पुढे बॅकबेची, म्हणजे इथल्या उपसागराची, भरणी झाली आणि १९३० आणि ४०च्या दशकांत समोरच्या आर्ट डेको शैलीतल्या इमारती उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये युनेस्कोने हा परिसर जागतिक वारसा यादीत घेतला. या इतिहासाचा सायकलीशी संबंध एवढाच, की इथली रुंदी आता ठरून गेली आहे. एका बाजूला टेट्रापॉड (लाटा अडवणारे काँक्रीटचे चौपायी ठोकळे) आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला सहापदरी रस्ता, त्यापलीकडे जिमखाने आणि वारशाच्या इमारती. इथे काही हलवायचं तर आधी वारसा समितीपुढे जावं लागतं. म्हणजे सायकलला जागा द्यायची ती आहे त्यातूनच, कुणाकडून तरी काढून.

आता फुटपाथ नीट बघा. समुद्राच्या अंगाला कट्टा. कट्ट्यावर माणसं समुद्राकडे तोंड करून, पाय पलीकडे सोडून बसतात. उठायचं झालं की बूड फिरवतात, पाय अलीकडे घेतात आणि खाली उतरतात. उतरताना नजर असते चपलेवर, मोबाइलवर, नाहीतर मागे राहिलेल्या शेंगदाण्याच्या पुडीवर. म्हणजे कट्ट्यालगतची दीड-दोन मीटरची पट्टी ही माणसं न बघता पाऊल टाकतात अशी पट्टी आहे. सायकल ट्रॅकची चित्रं काढणारे बहुतेक जण मात्र तो नेमका समुद्राच्या कडेला काढतात, कारण चित्रात ते छान दिसतं.

मग रस्त्याच्या कडेने आखावा, तर तिथे झाडं, बसथांबे, सिग्नलवरून ओलांडून येणाऱ्यांचे लोंढे, टॅक्सीतून उतरणारी कुटुंबं. आणि मधे चालणारे. संध्याकाळी सहानंतर ते चालतही नाहीत, तरंगतात. चौघं मैत्रिणी ओळीने, त्यांच्यामागे पट्टा लांब सोडलेला कुत्रा, मधेच फुग्यामागे धावलेलं पोर. या गर्दीत पांढरी रेघ मारून 'इकडे सायकल, तिकडे माणसं' असं लिहिलं तर ती रेघ पहिल्या शनिवारी संध्याकाळीच निरर्थक होईल.

सायकलवाले कोण

सगळ्यांना 'सायकलवाले' म्हटलं की वाद सोपा होतो आणि उत्तर चुकतं. या फुटपाथवर चाकं घेऊन येणारे निदान चार जातकुळींचे आहेत.

पहाटेचे गिअरवाले सगळ्यांना दिसतात, कारण त्यांचे कपडे दिसतात. ठाणे, मुलुंड, बोरिवलीहून निघून उजाडता उजाडता नरिमन पॉइंट गाठायचं, तिथल्या एनसीपीए या नाट्य-संगीत केंद्रापाशी फोटो, चहा, परत. खरं तर हे लोक फुटपाथवर फार चालवत नाहीत. त्यांना वेग हवा असतो आणि फुटपाथवर तो मिळत नाही. ते वर चढतात ते दोन कारणांनी: फोटोसाठी, किंवा मागून एखादी गाडी फारच अंगावर आली म्हणून. मात्र चढले की पंचवीसच्या वेगाची सवय पायांत तशीच असते. एका रविवारी माझ्यासमोर असाच एक तरुण सर्रकन वर आला आणि कट्ट्यावरून उतरणारे एक गृहस्थ थोडक्यात वाचले. "अहो, बघून चालवा की!" यावर त्याचं उत्तर होतं, "काका, रस्त्यावर मरू का मग?" त्या उद्धटपणाची चीड आली. पण त्याच्या प्रश्नाला उत्तर द्यावंच लागतं.

दुसरी लहान मुलं. बाजूला दोन छोटी चाकं लावलेली सायकल, मागे बाबा वाकून धावताहेत. गिरगाव, चिरा बाजार, चंदनवाडीच्या चाळींतल्या पोरांना सायकल शिकायला दुसरी सपाट जागा कुठे आहे? जिमखान्यांचं मैदान सभासदांचं, गल्लीत पार्किंग.

तिसरा चहावाला. मरीन ड्राइव्हवर रात्री सायकलवरून चहा विकणारा माणूस हा इथला सर्वात नियमित सायकलवाला, पण तो कुठल्याच चर्चेत नसतो. मागच्या कॅरिअरला चहाचा थर्मास, हँडलला कपांची आणि बिस्किटांच्या पुड्यांची पिशवी, पुढच्या दांडीवर सिगारेटचा डबा. तो सायकल चालवत नाही, ढकलतो. कारण गिऱ्हाईक दर दहा पावलांवर बसलेलं असतं. तो सायकलवर बसून जोरात पायडल मारतो ते एकाच वेळी: पालिकेची अतिक्रमण हटवणारी गाडी आली की. त्या अर्ध्या मिनिटात तो या फुटपाथवरचा सर्वात धोकादायक सायकलस्वार असतो.

चौथी जात नवी आहे. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीची आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत वेग असलेली विजेवरची दुचाकी नियमांनुसार मोटार वाहनात धरली जात नाही. तिला नंबर प्लेट नाही, चालवणाऱ्याला लायसन्स लागत नाही. घरपोच जेवण आणि किराणा पोचवणारी बरीच मुलं अशा गाड्या भाड्याने घेतात. दहा मिनिटांत पोचवायचा दट्ट्या असल्यावर सिग्नल टाळायला फुटपाथ सोयीचा पडतो. तुम्ही 'सायकलला परवानगी' असा फलक लावलात की हे पहिले आत येणार आणि हवालदाराने अडवलं तर 'सायकलच आहे साहेब' म्हणणार. गाडीला पायडल असतील तर ते खोटंही नाही.

वेगाचा हिशेब

सायकल धोकादायक की नाही, हा प्रश्न वेग सांगितल्याशिवाय विचारूच नये. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत माणसाला साधारण एक सेकंद लागतो असं धरा. ताशी १० किलोमीटरने चाललेली सायकल त्या सेकंदात पावणेतीन मीटर जाते आणि चांगल्या ब्रेकने आणखी मीटरभरात थांबते. म्हणजे साडेतीन मीटर. तीच सायकल २५च्या वेगाने असेल तर सात मीटर नुसती भानावर येण्यात जातात आणि थांबेपर्यंत बारा मीटर होतात. फरशी ओली असेल आणि ब्रेक निम्म्यानेच लागला तर सोळा-सतरा. मरीन ड्राइव्हवर फरशी ओली नसते असे महिने सांगायचे तर पावसाळा वगळावा लागतो. भरती साडेचार मीटरच्या वर असली की पालिका तारखा जाहीर करते, लाटा कट्टा ओलांडून येतात आणि पाण्याबरोबर कचरा आणि खडीही येते.

कट्ट्यावरून उतरणारा माणूस साडेतीन मीटरच्या हिशेबात वाचतो. बारा मीटरच्या हिशेबात वाचत नाही. मरीन ड्राइव्हच्या फुटपाथवर सायकल नको म्हणतो ती या आकड्यांमुळे. सायकलीबद्दल माझा आकस नाही, मी स्वतः चालवतो. आणि 'मग दहाची वेगमर्यादा घाला' हा तोडगा कागदावरचा आहे. बहुतेक सायकलींना वेग दाखवणारा काटा नसतो, आणि दहाच्या वेगाने गिअरची सायकल चालवण्यात कुणाला गंमत नसते.

आधी काय करून झालं

मुंबईने प्रयत्नच केले नाहीत असं नाही. वांद्रे-कुर्ला संकुलात एमएमआरडीएने, म्हणजे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, २०११ मध्ये काही कोटी खर्चून सुमारे १३ किलोमीटरचा सायकल ट्रॅक केला. त्यावर गाड्या उभ्या राहिल्या, सायकली आल्याच नाहीत आणि शेवटी तो काढून टाकला. जिथे लोक लोकलने येतात आणि स्टेशनपासून ट्रॅकपर्यंत सायकल आणायची सोयच नाही, तिथे ट्रॅक ओस पडणारच.

मरीन ड्राइव्हवर २०१७च्या डिसेंबरात पालिकेने वेगळी वाट धरली. रविवारी सकाळी नरिमन पॉइंट ते वरळी असा सुमारे ११ किलोमीटरचा पट्टा रस्त्यावरच शंकू मांडून सायकलींसाठी राखायचा, भाड्याच्या सायकलीही ठेवायच्या. कल्पना उत्तम होती. सायकलला फुटपाथवर न ढकलता रस्त्यातून जागा दिली, हे या प्रकरणातलं सगळ्यात शहाणं पाऊल. पण पुढे ते टिकलं नाही. माझ्या मते दोन गोष्टी नडल्या. आठवड्यातून एकदाच असल्याने त्याची सवय ना सायकलवाल्यांना लागली ना गाडीवाल्यांना, आणि शंकू मांडायला-उचलायला दर रविवारी माणसं लागत. जे रोज घडत नाही त्यासाठी आपल्याकडे माणसं फार दिवस मिळत नाहीत.

मग २७ मार्च २०२२ ला तेव्हाचे पोलीस आयुक्त संजय पांडे यांनी 'संडे स्ट्रीट्स' सुरू केलं. शहरातले काही रस्ते रविवारी सकाळी गाड्यांना बंद, लोकांना खुले. त्यात नरिमन पॉइंटही होतं. लोक आले, पोरांनी रस्त्यावर क्रिकेट मांडलं, सायकली फिरल्या. तीन महिन्यांनी आयुक्त निवृत्त झाले आणि उपक्रमाचा जोर ओसरला. एका अधिकाऱ्याच्या उत्साहावर उभ्या राहिलेल्या गोष्टीचं आपल्याकडे असंच होतं.

रस्त्याकडे पुन्हा बघा

मरीन ड्राइव्हवरच्या वादात एक साधी गोष्ट सहसा कुणी मांडत नाही. आपण डावीकडून चालवतो. त्यामुळे फुटपाथला लागून असलेले पदर (लेन) नरिमन पॉइंटकडून चौपाटीकडे, म्हणजे उत्तरेला जाणारे आहेत. सकाळची गर्दी उलट दिशेची: उपनगरांतून कचेऱ्यांकडे, दक्षिणेला, इमारतींच्या बाजूने. सकाळी समुद्राकडचा भाग त्या मानाने रिकामाच असतो. तो भरतो संध्याकाळी.

दुसरं, समुद्राच्या बाजूला आडवी गल्लीच नाही. सायकलच्या मार्गावर सर्वात जास्त अपघाताची जागा म्हणजे बाजूच्या गल्लीतून आत-बाहेर वळणारी गाडी. इथे वळायला गल्ली नाही, आहे तो समुद्र. सायकलच्या मार्गासाठी इतकी सलग, न तुटलेली कड मुंबईत दुसरीकडे शोधून सापडणार नाही. एका पदराची रुंदी साधारण साडेतीन मीटर असते आणि तेवढ्यात जाणाऱ्या-येणाऱ्या दोन्ही दिशांच्या सायकली बसतात. सिग्नलपाशी पादचाऱ्यांसाठी झेब्रा आणि सायकलला थांबण्याची रेघ, एवढं केलं की झालं. बसथांब्यांचा प्रश्न पहाटे लहान असतो, दिवसा मोठा. म्हणूनच मी हा पदर चोवीस तास मागत नाही.

म्हणजे 'काका, रस्त्यावर मरू का' याचं उत्तर असं: नाही, पहाटे पाच ते साडेसात समुद्राकडचा शेवटचा पदर तुझा. रोज. फक्त रविवारी नाही. शंकू रोज मांडायचे म्हटल्यावर ते कुणाच्या तरी ड्युटीत येतं आणि टिकतं. हे अशक्य वाटत असेल त्यांनी जानेवारीतली मॅरेथॉन आठवावी. त्या दिवशी याच रस्त्याचा अख्खा वळसा सकाळभर गाड्यांना बंद असतो आणि शहर चालू राहतं.

परदेशात यापेक्षा फार वेगळं काही करत नाहीत. इंग्लंडमधल्या बोर्नमथच्या किनाऱ्यावरच्या फरसबंदीवर सायकलला मुभा आहे, वेग ताशी दहा मैलांच्या आत. पण जुलै-ऑगस्टच्या गर्दीत सकाळी दहा ते संध्याकाळी सहा बंदी. म्हणजे घड्याळ आणि कॅलेंडर बघून नियम. व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कभोवतीच्या समुद्रभिंतीवर सायकलींची पट्टी वेगळी आणि दिशा एकच, घड्याळाच्या काट्याच्या उलट. समोरासमोरची टक्कर उरत नाही. या दोन्हींतलं घ्यायचं ते वेळेचं बंधन आणि दिशेची शिस्त. त्यांच्या फुटपाथवरची मोकळीक तशीच उचलून चालणार नाही. मरीन ड्राइव्हवर संध्याकाळी जी गर्दी असते ती तिकडच्या जुलै-ऑगस्टची समजा, फक्त बारा महिने.

पलीकडे, विहार क्षेत्रात

आता किनारी रस्ता. मरीन ड्राइव्हच्या प्रिन्सेस स्ट्रीट उड्डाणपुलापासून वरळी-वांद्रे सागरी सेतूपर्यंत साडेदहा किलोमीटर. त्यावर दुचाकी, सायकल, पादचारी कुणालाच प्रवेश नाही. त्याच्या समुद्राकडच्या अंगाला साडेसात किलोमीटर लांब, वीस मीटर रुंद विहार क्षेत्र आखलं गेलं आणि त्यातला सव्वापाच किलोमीटरचा भाग २०२५च्या स्वातंत्र्यदिनी लोकांना खुला झाला. रस्त्याखालून जाणाऱ्या भूमिगत पादचारी मार्गांनी तिथे पोचायचं.

इथे माझं मत बरोबर उलटं होतं. वीस मीटर ही मैदानाची रुंदी झाली. त्यातले चार मीटर रस्त्याच्या कडेला सायकलला दिले, मधे झुडपांची ओळ लावली, तरी चालणाऱ्यांना जवळजवळ पंधरा मीटर उरतात, आणि कट्ट्यावरून उतरणारा माणूस सायकलपासून लांब राहतो. शिवाय मरीन ड्राइव्हवर सायकलला रस्त्याचा पर्याय देता येतो, इथे तो कायद्यानेच बंद आहे. सार्वजनिक पैशातून समुद्र भरून केलेल्या जागेत मोटारीला आठ पदर आणि सायकलला ना रस्ता ना विहार क्षेत्र, असं सांगणं मला तरी जमणार नाही.

त्रास आहे तो पोचण्याचा. मरीन ड्राइव्हहून विहार क्षेत्राच्या दक्षिण टोकाला, प्रियदर्शनी पार्कला, मोटार मलबार हिलच्या पोटातल्या दोन किलोमीटरच्या बोगद्यातून जाते. सायकलला तो बंद, त्यामुळे तिने वाळकेश्वरचा चढ घ्यायचा किंवा पेडर रोडच्या गर्दीत शिरायचं. मधला हा तुकडा जोडल्याशिवाय विहार क्षेत्रातला ट्रॅक म्हणजे बेट. लोक मोटारीच्या मागे सायकल अडकवून तिथे येतील, तासभर चालवतील आणि मोटारीने परत जातील. तेही वाईट नाही, पण वांद्रे-कुर्ला संकुलात जे झालं त्याची ही सौम्य आवृत्ती ठरेल. भूमिगत मार्गात सायकल ढकलतच न्यावी, चालवू नये. उतारावर वेग वाढतो आणि भिंतीआडून कोण येतंय ते दिसत नाही.

मग नियम काय लिहावा

मरीन ड्राइव्हच्या फुटपाथवर सायकल चालवायला बंदी, ढकलायला नाही. हा फरक नियमात स्पष्ट लिहायला हवा, नाहीतर पहिली कारवाई चहावाल्यावर होईल आणि शेवटचीही. फेरीवाला म्हणून त्याचं काय करायचं ते फेरीवाल्यांच्या नियमाने ठरवा, सायकलच्या नियमाआडून नको. मुलांना सूट, पण वयावर नाही, चाकावर. वीस इंचांपर्यंतचं चाक असेल तर हरकत नाही, त्याहून मोठं असेल तर उतरायचं. वय विचारावं लागतं, चाक लांबून दिसतं, आणि हवालदाराला पालकांशी हुज्जत घालावी लागत नाही. मोटर लावलेलं काहीही नको, मग ते कायद्याने मोटार वाहन असो वा नसो. सूट फक्त दिव्यांगांच्या व्हीलचेअरला. घरपोच सेवेच्या मुलांना दंड करून मात्र काही होणार नाही. दहा मिनिटांचं घड्याळ त्यांच्या हातात नाही, कंपनीच्या हातात आहे, म्हणून नोटीस तिकडे जायला हवी.

आणि बंदीचा फलक पदराच्या आधी लावू नये. आधी पदर द्या, मग फुटपाथ बंद करा. उलट क्रमाने केलं तर पहाटेच्या सायकलस्वाराला आपण सुसाट गाड्यांपुढे लोटलेलं असेल, आणि एखादा गेला की सगळं मुसळ केरात.

चाचणीसाठी नोव्हेंबर ते जानेवारी हे तीन महिने बरे. पाऊस नाही, भरतीचा उपद्रव कमी, आणि सायकलवाल्यांचा हंगामही तोच. सुरू करण्याआधी एक आठवडा आणि शेवटी एक आठवडा, पहाटे पाच ते साडेसात, एनसीपीएपासून चौपाटीपर्यंत तीन ठिकाणी माणसं उभी करून मोजा: फुटपाथवर किती मोठ्या सायकली, पदरात किती, उत्तरेकडे जाणाऱ्या गाड्यांना किती वेळ जास्त लागला. जानेवारीअखेर फुटपाथवरच्या सायकली निम्म्यानेही कमी झाल्या नसतील तर पदर दिल्याने फुटपाथ मोकळा होतो हा माझा अंदाज चुकीचा निघाला असं समजावं. मग नुसत्या दंडाचा आग्रह धरणाऱ्यांचं म्हणणं ऐकावं लागेल.